पहाटेच्या पाळीची सोबत

१ डिसेंबर, सोमवार

आजपासून पहाटेची पाळी. सुट्ट्यांचा सेल सुरू झाला. महिनाभर दुकान पाचला उघडणार, म्हणजे आम्ही चारला हजर. इनचार्ज काल म्हणाले, "ज्यांना जमणार नाही त्यांनी आत्ताच सांगा." असं कुणी सांगतं का? सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मीही.

माझं खातं तेच — चादरी, उशा, टॉवेल. शटर वर गेलं तेव्हा मी टॉवेलांची चळत लावत होते. आधी आवाज आला, मग माणसं. बघता बघता चळतीचं धुण्याचं बोचकं झालं. एका बाईंनी माझ्या हातातलाच टॉवेल ओढला. मी घडी घालत होते तो. "हा घेते मी." म्हटलं, घ्या की, घडी तरी घालू द्या. नको म्हणाल्या. घडी घालेपर्यंत दुसरं कुणी नेईल अशी धास्ती.

घरी आले तर अण्णांचं जेवण झालेलं. ताट धुऊन पालथं घातलेलं. "लवकर सुटलीस," म्हणाले. "लवकर गेले होते," म्हटलं. दिवसभराचं बोलणं एवढंच. तसं आमचं रोजचंच एवढं असतं.

२ डिसेंबर

पाय, पाय, पाय. बाकी लिहायला काही नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

काल रात्री अण्णांना टाकून बोलले. ते मनातून जात नाही.

दाराची कडी लावता लावता ते म्हणाले, "पहाटे मी येऊ का सोबत? त्या वळणावर दिवे नाहीत. मागे एका बाईची पर्स ओढली म्हणे तिथे." साधं विचारलं होतं. पण माझे पाय ठणकत होते, डोक्यात अजून दुकानातली गाणी वाजत होती. म्हटलं, "मला कुणाची सोबत लागत नाही. तुम्ही थंडीत बाहेर पडणार, छातीत कफ धरणार आणि मग ते निस्तरायचं मीच." ते "बरं" म्हणाले आणि वर्तमानपत्र उलगडून बसले. सकाळी वाचून झालेलंच वर्तमानपत्र.

सासरे आहेत माझे. हे जाऊन तीन वर्षं होतील. सासूबाई त्याआधीच गेल्या. आमचं नातं ज्यांच्यामुळे होतं तेच मधून उठून गेले, आणि दोन खोल्यांत आम्ही दोघं उरलो. भांडण नाही, काही नाही. एकमेकांना धक्का न लागता कसं वावरायचं ते दोघांनाही छान जमलंय. ते आंघोळीला गेले की मी स्वयंपाकघरात, मी स्वयंपाकघरात असले की ते खिडकीशी.

सोबत लागत नाही हे खरंही नाही. त्या वळणावर मी जवळजवळ पळते.

६ डिसेंबर, शनिवार

कॅशवर एक नवी पोरगी आलीय. सारखी चिवचिवत असते म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. फक्त सेलपुरती घेतलीय, पुढचं पुढे. आज चहाला बसलो तेव्हा म्हणाली, "ताई, लोकांना एवढ्या उशा कशाला लागतात हो? डोकी तर तेवढीच ना घरात?" हसून हसून चहा सांडला.

पण मला खरं हसू येत नाही लोकांचं. आज एक जोडपं आलं होतं, नुकतं बिऱ्हाड मांडलेलं. दुलई घ्यायची होती. तो एक उचलायचा, ती किमतीची चिठ्ठी बघून ठेवायची. असं किती वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली, "सेल संपायच्या आत अजून उतरेल का हो?" खरं म्हणजे असं सांगायचं नसतं. मी हळूच म्हटलं, "शेवटच्या आठवड्यात या." तिने माझा हात दाबला.

आणि त्या जांभळ्या शालवाल्या बाई. सोमवारी चार चादरी नेल्या, बुधवारी परत केल्या, आज पुन्हा तीन नेल्या. चिमणी वैतागते. मला वाटतं, त्यांना चादरी नको असाव्यात. कुणीतरी "काय दाखवू?" असं विचारलेलं हवं असेल.

८ डिसेंबर, सोमवार



पोचल्या पोचल्या वॉचमनकाकांनी मला बाजूला घेतलं. "ताई, घाबरू नका, पण एक म्हातारा तुमच्या मागावर आहे."

 म्हटलं, "कोण?"

"कोण ते नाही माहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, असेल कुणी. पण रोज तेच. तुम्ही येता, तो मागून अंतर ठेवून येतो. तुम्ही आत गेलात की समोरच्या खांबापाशी थांबतो, मग रांगेत जाऊन उभा राहतो. घेत तर काहीच नाही. उद्या धरतोच बघा मानगुटीला."

"धरू नका," म्हटलं. "आधी मला दाखवा."

ते मला जिन्याच्या खिडकीशी घेऊन गेले. खाली रांग लागली होती. काळोखात नुसत्या टोप्या, मफलर आणि तोंडातून निघणारी वाफ. "तो बघा, लहान मुलीशेजारी."

अण्णा. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, अंगात यांचा जुना कोट. शेजारच्या बाई पिशवीत काहीतरी शोधत होत्या, आणि त्यांच्या छोट्या मुलीचं बोट अण्णांनी धरलं होतं.

"ओळखीचा आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही," म्हटलं.

जीभच वळली तशी. सेल सुरू व्हायच्या आधी इनचार्जनी सगळ्यांना बजावलंय — नोकरांच्या घरच्यांनी सेलच्या रांगेत दिसायचं नाही. पहिल्या येणाऱ्यांना टोकन मिळतं, त्यावर अर्ध्या किमतीत माल. मागच्या वर्षी कुणीतरी घरची माणसं उभी केली होती, त्याला काढलं. तेच आलं डोक्यात. पण तेवढंच होतं का? लाज वाटली मला. कशाची ते अजून नीट कळत नाही.

काकांना एवढंच म्हटलं, "निरुपद्रवी दिसतो. राहू द्या."

९ डिसेंबर

"सकाळी कुठे गेला होतात?" मी विचारलं.

"कुठे जाणार? इथेच." चेहरा असा, जणू त्या गावचेच नव्हेत.

मीही पुढे ताणलं नाही. कोट खुंटीवर होता, जिथे नेहमी असतो तिथेच. फक्त दुसऱ्या बाजूने टांगलेला.

त्यांना काळोखात नीट दिसत नाही, डोळ्याच्या ऑपरेशनपासून. एकट्याने परत यायचं तर उजेड पडायला हवा. म्हणून रांग. माझ्या मागे यायचं, आणि उजाडेपर्यंत वेळ काढायचा. आत्ता लिहिताना उलगडलं.

११ डिसेंबर, गुरुवार

आता मी हळू चालते.

सांगायचं कसं? सांगितलं की ते यायचे थांबतील. त्यांनी थांबू नये असं मला वाटतं, हेही कालच कळलं. म्हणून चपलेचा बंद नीट करायला वाकते. खांबाखाली पिशवी या हातातून त्या हातात घेते. मागून पायांचा आवाज येतो, डावा पाय जरा घासत. तो जवळ आला की पुढे निघते. मागे वळून मात्र बघायचं नाही. वळले की सगळं मोडलं.

वळणावर आज पळाले नाही.

उशीर झाला थोडा. इनचार्जनी घड्याळाकडे पाहिलं.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

इनचार्जनी बोलावलं. ते माझ्याहून बरेच लहान आहेत, डोळ्यांखाली काळं झालंय, वरून साहेबांचे फोन सतत. "ताई, तुम्ही गोड बोलता म्हणून तुम्हाला सांगतो. रांगेत एक म्हातारा रोज येतो. घेत काही नाही, नुसता जागा अडवतो. वरच्यांनी कॅमेऱ्यात पाहिलंय. जरा समजावून घरी पाठवा. वॉचमनला पाठवलं तर उगाच तमाशा होईल."

काय म्हणणार? गेले.

रांग भिंतीला धरून वळसा घालून गेली होती. अण्णांनी मला येताना पाहिलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

म्हटलं, "काका, तुम्ही रोज येता आणि काही घेत नाही, अशी तक्रार आहे."

"घेतलंच पाहिजे असा नियम आहे का, बाई?"

बाई म्हणाले मला! एरवी नुसतं "अगं" असतं.

"तसं नाही, पण तुमची जागा दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल."

"येतेच की. माझा नंबर आला की मी मागच्याला पुढे करतो. विचारा यांना."

छोट्या मुलीची आई लगेच म्हणाली, "हो हो, परवा यांच्यामुळेच मला टोकन मिळालं. हिला शू करायला नेलं तेव्हा बाबांनीच जागा धरली." मागचा एक गृहस्थ म्हणाला, "राहू द्या हो त्यांना. ते असले की कुणी मधे घुसत नाही. नुसतं बघतात त्याच्याकडे." सगळे हसले.

मला तेवढ्यावर परत जाता आलं असतं. पण मी विचारलं, "घरी कुणी नाही का तुमच्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ त्यांनी कधी पाहिल्याचं आठवत नाही.

"सून आहे. पहाटे कामाला जाते."

"मग तुम्ही अंथरुणात पडून राहायचं. कशाला या थंडीत..."

"झोप लागत नाही, बाई. ती धडपणे पोचली एवढं दिसलं की मग बरं वाटतं. तिला नाही आवडत कुणी सोबत आलेलं."

 रांगेतले सगळे ऐकत होते. त्या आई म्हणाल्या, "नशीबवान आहे हो सून." मी म्हटलं, "कान नीट झाका, काका. वारा आहे." अण्णांनी मुकाट्याने टोपी खाली ओढली.

"काय म्हणाला?" इनचार्जनी विचारलं.

"ऐकत नाही म्हणाला."

ते कपाळाला हात लावून हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना.

दुपारी घरी आले तर अण्णांनी चहा टाकलेला. दोघांचा.  चहात साखर जरा जास्तच होती. प्याले.

१५ डिसेंबर, सोमवार

आज बोलणी खाल्ली. दारातच, रांगेदेखत.

"ताई, हा कितवा उशीर? सेल संपला की कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, ते मला कळवायचंय. तुमच्या नावापुढे मी काय लिहू?" इनचार्जचंही चुकलं नाही. आत माल पडला होता, लावायला हात नव्हते. मी मान खाली घालून आत गेले. रांगेकडे पाहिलं नाही.

१६ डिसेंबर

युक्ती केली — अर्धा तास आधी निघाले. म्हणजे हळू चालूनही वेळेत पोचेन.

ते पायऱ्यांवर मागे होतेच. हे कधी झोपतात कोण जाणे. पण आज त्यांना चालवेना. दोनदा थांबले. मीही दोनदा चपलेशी वाकले. उशीर झालाच.

१८ डिसेंबर

शनिवारी मोठा दिवस. टीव्ही आणि कुकर जवळजवळ फुकट म्हणे. चिमणी म्हणाली, "ताई, मी हेल्मेट घालून येते."

२० डिसेंबर, शनिवार

लिहायला बसले तर काहीच सुचत नाही. तरी लिहिते.

रांग राहिलीच नव्हती. नुसती माणसं. वॉचमनकाका ओरडून सांगत होते, एकेक जण, एकेक जण. शटर गुडघ्याइतकं वर आलं आणि मागून लोंढा आला. आतून मला फक्त पाय दिसत होते. बूट, चपला, एक अनवाणी पाऊल. शटर वर जायच्या आतच काही जण खालून घुसले. मग कुणीतरी किंचाळलं. ती छोटी मुलगी. तिची आई खाली पडली होती, आणि तिच्यावर ओणवे होऊन, दोन्ही हात जमिनीला टेकून, अण्णा. त्यांच्या पाठीवरून लोक येत होते.

"अण्णा!" मी ओरडले. अख्ख्या दुकानाने ऐकलं असेल.

कशी पोचले माहीत नाही. चादरीची ट्रॉली आडवी घातली मी लोकांच्या पुढे. चिमणी कॅशवरून उडी मारून आली. टीव्हीकडे धावणारा एक उंच माणूस थबकला, परत फिरला आणि त्याने अण्णांना काखेत धरून उचललं. त्याचा टीव्ही गेला असणार. नावसुद्धा विचारलं नाही मी त्याचं.

आईला खरचटलं, मुलीला काही नाही. अण्णांचा गुडघा टम्म सुजलाय, तळहात सोलपटलेत. वॉचमनकाकांनी आपली खुर्ची दिली. ते एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे बघत होते. "म्हणजे हे तुमचे..." "सासरे," म्हटलं. काकांनी कानाला हात लावला. "आणि मी मानगुटीला धरणार होतो."

इनचार्ज बर्फ घेऊन धावत आले.  वाटलं, आता नियम काढतील. म्हणाले, "मला आधी सांगायचं ना, ताई. मी आत बसवलं असतं त्यांना." मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले जरा वेळ.

लोक वाईट नव्हते. हे मला लिहायलाच हवं. मागचे ढकलत होते, पुढच्यांना थांबता येत नव्हतं, आणि मधल्यांना कुकरशिवाय काही दिसत नव्हतं. थोड्याच वेळाने त्यातल्याच एक बाई मला विचारत होत्या, "डबलची चादर आहे का, निळ्यात?" मी काढून दिली.

रिक्षात अण्णा म्हणाले, "ओरडलीस किती मोठ्याने." आणि थोड्या वेळाने, "तुझं काम गेलं नाही ना?"

२१ डिसेंबर, रविवार

वन्सं आल्या. गाडी घेऊन, ड्रायव्हर घेऊन. मी त्यांना कळवलंच नव्हतं. संध्याकाळी निवांत फोन करणार होते. शेजारणीने कळवलं असेल.

दारातूनच सुरुवात. "माझ्या बापाला पहाटे थंडीत रांगेत उभं करतेस?" मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "तुझं मी समजू शकते. तुला कामावर जावं लागतं. पण ते माझे वडील आहेत." त्यातलं "माझे" असं काही म्हणाल्या की माझं सांगणं राहूनच गेलं. खरंच आहे. मी कोण? मधला माणूस गेल्यावर सुनेचं नातं कशावर टांगायचं?

मग अण्णांचा गुडघा पाहून त्या रडल्या. खाली बसून, लहान मुलीसारख्या. त्यांचाही राग येईना.

मी अण्णांकडे बघत होते. एकदा म्हणतील, मी इथेच बरा आहे. एवढं एकच वाक्य. ते चादरीच्या सुरकुत्या सरळ करत बसले. म्हणाले, "जातो मी हिच्याकडे. तिकडे ऊनही चांगलं असतं."

२२ डिसेंबर

मी पाळीवर असताना अण्णा वन्संकडे गेले. मुद्दामच ती वेळ धरली असेल. मी खालपर्यंत पोचवायला जायला नको म्हणून, की मला बघायला नको म्हणून?

२४ डिसेंबर, बुधवार

वेळेच्या बरंच आधी पोचले. आमचं मागचं दारसुद्धा उघडलं नव्हतं. इनचार्ज खूश.

वळणावर पुन्हा पळाले.

रांगेतली छोटी मुलगी विचारत होती, "आजोबा?" तिची आई म्हणाली, "तुमचे वडील बरे आहेत ना?" मी "सासरे" म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हटलं, "बरे आहेत."

२६ डिसेंबर

संताप झालाय. एवढे दिवस मागे मागे चालायचं आणि बोलायची वेळ आली की चादरीच्या सुरकुत्या! मुलीचं मोठं घर, ऊन, मऊ गादी. जाणारच माणूस. मीच खुळी. काळोखात कुणाच्या तरी पायांचा आवाज ऐकून मनाने काय काय रचत बसले.

वन्संना फोन केला. "बरे आहेत, टीव्ही बघतात," म्हणाल्या. द्या म्हटलं. आतून अण्णांचा आवाज आला, "झोपलेत म्हणून सांग."

ऐकू आलं मला.

२९ डिसेंबर, सोमवार

मला ठेवलं! नुसतं ठेवलं नाही, अख्ख्या मजल्याचं काम माझ्याकडे दिलंय. इनचार्ज म्हणाले, "त्या शनिवारी तुम्ही ट्रॉली आडवी घातली नसती तर काय झालं असतं, या विचाराने मला अजून झोप नाही." अट एकच — पहाटेची पाळी वर्षभर. माल तेव्हाच उतरतो. "जमेल ना? आता तर वेळेच्या आधीच येता." हो म्हटलं.

वॉचमनकाकांनी मला चहा पाजला.

घरी येऊन कुलूप काढलं, आणि सांगायला तोंड उघडलं. खोलीत कुणी नव्हतं.

३१ डिसेंबर

सेल संपला. रॅक रिकामे, खोक्यांचे ढीग, पुतळ्यांच्या अंगावर काही नाही. ते जोडपं आलं होतं, दुलई मिळाली त्यांना. तिने ती जाताना पोराला घ्यावं तशी कडेवर घेतली होती. जांभळ्या शालवाल्या बाई काहीच न घेता माझ्याशी बोलून गेल्या.

चिमणीला नाही ठेवलं. रडली, मग म्हणाली, "ताई, आता मी सेलला बाहेरून येणार, तुम्हाला ढकलायला." तिला एका दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिलाय. इनचार्जही तिकडे शब्द टाकतो म्हणालेत.

३ जानेवारी, शनिवार

दुपारी वन्संचा फोन. मी जरा ताठ्यातच उचलला. त्या म्हणाल्या, "तुला वाटतंय मी त्यांना ओढून आणलं. मला आता हे पोटात ठेववत नाही. पडायच्या आधीच, ज्या सोमवारी तू बोलणी खाल्लीस ना, त्याच दिवशी त्यांनी मला फोन केला होता. म्हणाले, ती माझ्यासाठी हळू चालते. सांगितलं तर ऐकणार नाही, आणि मी घरात असेन तोवर मला तिच्या मागे गेल्याशिवाय राहवणार नाही, तिला रोज उशीर होणार. तू रविवारी ये, भांडून मला घेऊन जा, म्हणजे तिला वाटेल तूच नेलंस. मी तशी भांडले. आता इथे पाहुण्यासारखे बसून असतात. पाणीसुद्धा मागून घेत नाहीत."



उद्याची रजा मागितली, मिळाली. पहिल्या गाडीने जाते. परत आणेनच असं नाही, ते त्यांनी ठरवायचं. पण समोर बसून विचारणार आहे, अण्णा, तुम्हाला कुठे राहायचंय?

हे त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नाही. मीसुद्धा.